मंगळवारनंतर शुक्रवार

बिरोबाच्या नावानं
निरवांगी, ६ जानेवारी २०२५

बानूस,

दादाचा आशीर्वाद पोचावा. अक्षर वाकडं दिसलं तरी मीच लिहितोय, हात शाबूत हाय. तुला कान न्हाईत आन् मला डोकं न्हाय, आसं मल्हार म्हणतो. बापाला म्हणतो कार्टं. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हंजी सगळ्या लोणी भापकरला बोंब ऐकू जाती, फक्त तुला सोडून. म्हणून टपाल.

दिवाळीच्या आधी लाल्या एडक्यानं कपाळात धडक दिली. पुण्याला नेऊन डोकं उघडलं, परत शिवलं. आता मी ठणठणीत हाय. बारामतीच्या दवाखान्यात एक पोरगी हाय, ती माझी परीक्षा घेती. जिल्हा सांगितला, सात आठं छप्पन सांगितलं, नातीचं नाव सांगितलं. सगळं बरूबर. मग म्हणती, आबा, आधी काय झालं, मल्हारचं लगीन का मेंढरं इकली? म्हटलं बाई, मेंढरं इकली कुणी? सारजा घेऊन गेलीय की कळसच्या माळाला. तिनं मान हालवली आन् कायतरी लिहून घेतलं. उत्तर चुकलं आसंल तर सांगावं की माणसानं.

तिनं मला वही दिलीय. रोज लिहायचं. डोक्यात काय आलं की आधी वहीला विचारायचं. कागदावर हाय ते खरं, कागदावर न्हाय ते झालंच न्हाय. आलेली पत्रंबी वहीतच चिकटवायची. तू पत्राला तारीख घालत जा, ती पोरगी तारखेवर लई जोर देती.

सारजा अजून आली न्हाय. आली की तुला निरोप देतो.

तुझा दादा,
आबाजी

&nbsp;

लोणी भापकर, गुरुवार

दादास बानूचा नमस्कार.

पत्र वाचून हसावं का रडावं कळंना. आरं, लाल्या एडका माझ्या लग्नात कापला. वऱ्हाड जेवलं त्याच्यावर. चाळीस वर्सं झाली. तो कुठनं येतोय तुला धडक द्यायला? तुझ्या कपाळामागची शीर फुटली आसं मल्हारनं मला पाटीवर लिहून दाखवलं व्हतं, आठ दिवस तू शुद्धीवर न्हवतास.

पर तुला लाल्या आठवतोय, त्याच्या कपाळावरचा पांढरा टिळाबी आठवत आसंल, ह्याचं मला बरं वाटलं. माणूस जागेवर हाय.

तारीख मी आयुष्यात घातली न्हाय. आमच्याकडं रविवार म्हंजी खंडोबाचा आन् गुरुवार म्हंजी सुप्याहून पाव्हणा येतो त्याचा. चौथी शिकलेल्या बाईनं तेवढं वार लिहिला तरी पुष्कळ झालं. तुझ्या त्या पोरीला सांग, बानू म्हातारी ऐकत न्हाय, तिला ऐकूच येत न्हाय.

वहिनीचं लिहिलंस ते वाचून पत्र दोन दिवस तसंच ठेवलं. त्याच्यावर आत्ता काय लिहीत न्हाय. तू जेवत जा.

बानू

&nbsp;

निरवांगी, २६ जानेवारी २०२५

ती. आत्याबाईंना स्वप्नालीचा नमस्कार.

आबांच्या पत्राबरोबर हे माझंही पाठवते. त्यांना दाखवू नका असं म्हणणार होते, पण तुम्ही तिकडे, ते इकडे, दाखवणार कसं.

आत्याबाई, आबा वेडे झालेले नाहीत. डॉक्टरांनी मला नीट समजावलं. कपाळामागचा मेंदूचा भाग आठवणी साठवत नाही, तो त्या ओळीनं लावतो. आधी काय, नंतर काय, ते तिथं कळतं. आबांचा तोच भाग गेला. कॅलेंडरची पानं सुटी होऊन खाली पडावीत तसं. पानं सगळी आहेत, नंबर नाहीत. आणि मध्ये रिकामं सापडलं की त्यांचं डोकं हाताला येईल ते पान तिथं लावतं. ते खोटं बोलत नाहीत. त्यांना ते झालेलंच वाटतं.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात आई गेल्या. आबांनीच अग्नी दिला. आता त्यांना ते आठवत नाही. आम्ही चार वेळा सांगितलं. चारही वेळा ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडले. चौथ्या वेळी दोन दिवस अन्न नाही, आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, सारजा कुठं गेली? पाचव्यांदा सांगायचं माझ्यात बळ नाही.

तुमचं पत्र ते देव्हाऱ्यातल्यासारखं जपतात. तुम्ही चार ओळी अशा लिहा की त्यांचा जीव शांत होईल. काय लिहायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

तुमची,
स्वप्नाली

&nbsp;

लोणी भापकर, शुक्रवार

दादास बानूचा नमस्कार.

तू वहिनीची वाट बघत बसलायस आन् मी सांगायचंच इसरले. वहिनी माझ्याकडं हाय. ढोपर धरलं म्हणून मीच ठिवून घेतली. इथं एक वैदू येतो, त्याचं तेल लावतीय. आता उठती-बसती. काल तिनं हुलग्याचं माडगं केलं, लसूण जास्त घातला, मी बोलले तर म्हणती, तुझ्या भावाला आसंच लागतं.

परवा दोघी वट्यावर बसून लोकर पिंजत व्हतो. ती तुझ्यावर हसली. म्हणती, माझ्यामागं त्यांना चहासुदिक करता येत न्हाय.

तू तिची काळजी करू नको. रस्त्याला लागू नको, तिला हाक मारत हिंडू नको. नातीला जप, सून स्वप्नाली सांगंल ते ऐक. ढोपर बरं झालं की ती येतीय.

बानू

&nbsp;

निरवांगी, १४ फेब्रुवारी २०२५

बानूस,

दादाचा आशीर्वाद.

तुझं शुक्रवारचं पत्र आलं आन् माझं डोकं हलकं झालं. आधी का न्हाय सांगितलंस, बहिरे? हितं हे लोक माझ्याकडं आसं बघत्यात, जणू मी सारजाचं नाव काढून घरात शिवी दिली. आता मी बोलतच न्हाय. वही उघडतो, तुझं पत्र वाचतो, झाकून ठिवतो. कागदावर हाय ते खरं.

छकुलीला रोज वाचून दाखवतो. पयलीत हाय, अजून जोडाक्षराला अडखळती. तिला माडग्याचं लई हसू येतं. म्हणती, आबा, आजी लसूण घालती तर तिचा वास कसा येत न्हाय? म्हटलं आगं, लोणी केवढं लांब.

दवाखान्यातल्या पोरीनं वही बघितली. खूश झाली. म्हणाली, आबा, तुमी वहीचं ऐकताय, हे सगळ्यात चांगलं. मल्हारनंबी ऐकलं. आता मला रिकामा बसवू नका म्हणावं. माणूस बसला की बसला.

सारजाच्या ढोपराला रुईचं पान शेकून बांध. तेलाबिलानं काय होत न्हाय.

आबाजी

&nbsp;

निरवांगी, २ मार्च २०२५

ती. आत्याबाईंना स्वप्नालीचा नमस्कार.

तुमचे उपकार कसे फेडू. तुमचं पत्र आल्यापासून आबा शांत आहेत. रात्री झोपतात, सकाळी स्वतः आंघोळ करतात, एकदाही विहिरीकडे जाऊन हाका मारल्या नाहीत. पत्र इतकं खरं लिहिलंय की वाचताना मलाही आई वट्यावर दिसल्या.

एक सांगायचं होतं. कळसला द्राक्षाच्या पॅकिंगचा हंगाम सुरू झालाय. मला तिथं काम मिळालं. सकाळी सातला गाडी येते, सहापर्यंत परत. ह्यांचा दुधाचा टँकर तर पहाटेच जातो. छकुलीची शाळा सकाळची असते, साडेअकराला सुटते. तिला शाळेतून आणायचं, जेवू घालायचं, सांजेपर्यंत सांभाळायचं काम आबांकडे दिलंय. दोन आठवडे मी घरी राहून तपासलं. एकदाही चुकले नाहीत. भिंतीवर घड्याळाखाली लिहून ठेवलंय, ते बघतात आणि निघतात. शेजारच्या लीलाबाई अधूनमधून डोकावतात.

पोरीला सांभाळायला दिलं त्या दिवशी आबांनी पटका बांधला. इतके दिवस बांधला नव्हता.

तुमची,
स्वप्नाली

&nbsp;

निरवांगी, १७ मार्च १९९६

बानूस,

दादाचा आशीर्वाद.

कालव्याला आवर्तन सुटलंय. दोन्ही काठ भरून पाणी चाललंय. आज पोराला पवायला शिकवलं. कमरंला वाळका भोपळा बांधला आन् दिला ढकलून. आधी बोंबलला, मग हातपाय मारायला लागला. सारजा काठावरनं मला शिव्या देत व्हती. म्हटलं, धनगराच्या पोराला पाणी आलंच पायजे, मेंढरं वढ्यातनं काढायची आसत्यात.

घरी आल्यावर छकुलीचं डोकं पुसलं. केस ओलंचिंब व्हतं. ती काकडत व्हती.

सगळं ठीक हाय. साडेअकरा, छकुली घरी. लिहिलंय वहीत.

आबाजी

&nbsp;

लोणी भापकर, शनिवार

स्वप्नालीस आत्याचा आशीर्वाद.

पोरी, दादाचं पत्र ह्याच्यासंगट पाठवतीय. वरची तारीख बघ. मल्हार सहा वर्सांचा व्हता तवाची हाय. भोपळा बांधून ढकलला तो मल्हारच, मी व्हते तवा तितं. तेवढं मला कळतंय. पर खाली छकुलीचं ओलं केस कुठनं आलं? मल्हारला केस कुठं व्हतं, वस्तारा फिरवलेलं डोकं.

तू मला खरं सांग. पोरगी कालव्यावर गेली व्हती का?

दादाला मी ओळखते. आमचा दादा नुसतं बोलणारा न्हवं. म्हणाला उद्या मेंढरांचा वाडा हालवायचा, की पहाटं घोड्यावर बिऱ्हाड आसायचं.

तुझी आत्या

&nbsp;

निरवांगी, २६ मार्च २०२५

ती. आत्याबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मीही हादरले, म्हणून लगेच लिहिते. छकुली कालव्यावर गेली नव्हती. त्या दिवशी ती तापानं फणफणली होती, मी कामावर गेलेच नाही. मीच तिच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत होते, डोकं भिजलं होतं. आबा उंबऱ्यात बसून बघत होते. त्यांनी ओलं डोकं बघितलं आणि ह्यांच्या लहानपणीचा कालवा त्याला जोडला, एवढंच. डॉक्टर म्हणाले होते असं होईल.

ह्यांना विचारलं. ते म्हणतात, आबा नुसतं बोलतात, करत काही नाहीत. तेही खरंच आहे. रोज कळसला मेंढरांकडं जाऊन आलो म्हणतात आणि दिवसभर ओट्यावर असतात.

तरी लीलाबाईंना सांगून ठेवलंय. हंगामाचे अजून तीन आठवडे राहिलेत. मग मी घरीच आहे.

तुमची,
स्वप्नाली

&nbsp;

निरवांगी, २८ मार्च २०२५

बानूस,

दादाचा आशीर्वाद.

पाडवा आला. सारजा पाडव्याला घरी न्हाय, आसं कवा झालं न्हाय. ढोपर धरून दोन म्हयनं? वैदूला हाकलून दे.

मी ठरवलंय. मीच येतो तिला न्यायला. यष्टीनं न्हाय. तिला यष्टी लागती, वकारी येती. आपल्या जुन्या वाटंनं येतो. पयला मुक्काम कळसच्या माळावर, तितल्या लिंबाखाली, जितं सारजा कोकरं राखत बसायची. मग तितनं सरळ मावळतीला. तीन मुक्कामात लोणी. परत येताना तिला घोड्यावर बसवू.

छकुली संगं येतीय. तिला आजी बघायचीय. मी हितं एकटीला ठिवून येणार न्हाय, पोरीची जबाबदारी माझ्यावर हाय, भिंतीवर लिहिलंय तसं. हे मल्हारला सांगत न्हाय. तो म्हणंल, आबा, बसा.

माडगं करून ठिवा.

आबाजी

&nbsp;

लोणी भापकर, मंगळवार

दादा,

हे पत्र बसून वाच. छकुलीला जवळ घेऊ नको, एकटा वाच.

मी तुला खोटं लिहिलं. वहिनी माझ्याकडं न्हाय. वहिनी वारली. दोन वर्सांमागं श्रावणात, काविळीनं. तूच अग्नी दिलास. मी तुझ्यामागं उभी व्हते, तुझा पटका सुटला व्हता तो मी धरला व्हता. तिला कुठलं ढोपर आन् कुठलं माडगं. मी मनानं रचलं.

का रचलं ते सांगते. तुझ्या जिवाला शांती मिळावी म्हणून, हे खरं. पर तेवढंच खरं न्हाय. लिहिता लिहिता मला ती वट्यावर बसल्यागत वाटली. मला बरं वाटलं, म्हणून मी आणिक दोन ओळी घातल्या. लसणाची ओळ मी माझ्यासाठी घातली, दादा. तुझं डोकं फुटलंय म्हणून तू रचतोस. माझं तर धड व्हतं.

रस्त्याला लागू नको. आपली वाट आता न्हाय. तितं डांबर हाय, ऊस हाय, मधी भरला कालवा हाय. कळसच्या माळावर कुणी बसलेलं न्हाय. तुझं पत्र आलं तसं शेजारच्या इंद्रजितला मल्हारला फोन लावायला सांगितला. मल्हार म्हणाला, आबा बसलेत की ओट्यावर, आत्या उगीच घाबरती.

कागदावर हाय ते खरं, आसं तू धरून चालतोस. मग हे कागदावर लिहितीय. वहिनी वारली. हे चिकटव आन् ते शुक्रवारचं फाडून टाक. तुला माझी शपथ हाय.

बानू

&nbsp;

निरवांगी, ४ एप्रिल २०२५

बानूस,

दादाचा आशीर्वाद.

तुझं मंगळवारचं पत्र काल हाताला आलं. तू सांगितलंस तसं बसून वाचलं. वट्याच्या खांबाला डोकं टेकवून लई रडलो. छकुली इचारत व्हती, आबा, काय झालं, तर तिला सांगताबी येईना.

मग मी वहीला इचारलं. ती पोरगी म्हणती तसं. वहीत तुझं शुक्रवारचं पत्र हाय. त्यात सारजा बसती, उठती, माडगं करती, हसती. आन् मंगळवारच्यात वारली. दोन्ही कागद तुझ्याच हातचं. दोन्ही खरं. मग आता आधीचं कुठलं आन् नंतरचं कुठलं? आधी-नंतरचं मला समजत न्हाय, हे मला ठावं हाय. सगळे तेच सांगत्यात. म्हणून मी माझ्या मनाचं काय धरलं न्हाय.

तू तारीख घालत न्हायस. पर वार घालतीस. छकुलीला जवळ घेतलं, म्हटलं बाळा, वार म्हणून दाखव. तिनं म्हटलं. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. दोनदा म्हणायला लावलं. मंगळवार आधी येतो. शुक्रवार नंतर.

म्हंजी मंगळवारी सारजाचं काय खरं न्हवतं. तू घाबरलीस, वारली आसं लिहून मोकळी झालीस. आन् शुक्रवारपावेतर ती उठून बसली. ढोपर तेवढं धरलंय. आता सगळं जुळलं. मी पानं सोडवली आन् नीट वळीनं लावली, मंगळवार वर, शुक्रवार खाली. शपथ घातलीस तरी काय फाडलं न्हाय, कागद फाडायचा नसतो.

तुला रागावत न्हाय. तिची तशी अवस्था बघून तू हादरली आसशील. पर माझ्या बायकूला मरणाच्या दारातनं परत आणलंस, आन् मी हितं बसून रागवू?

आता थांबण्यात अर्थ न्हाय. उद्या निघतो. स्वप्नाली सातला जाती. छकुलीला शाळंतनं आणतो आन् तसाच वाटंला लागतो. पाण्याची बाटली, भाकरी, तिचा स्वेटर, सगळं लिहून काढलंय. कालव्याला पाणी हाय, त्यामुळं तिला काठाला नेणार न्हाय. लिंबाखाली सारजापाशी बसवीन आन् पाणी मी एकटाच आणीन.

सारजाला सांग, मी येतोय.

आबाजी

&nbsp;

निरवांगी, शनिवार, १२ एप्रिल २०२५

दादा,

वर तारीख घातलीय. बघ.

तुझ्या ओट्यावर बसून, तुझ्याच वहीत लिहितीय. तुझं चार तारखेचं पत्र लोणीला मंगळवारी आलं, आठ तारखेला. मी तवा हितं व्हते. लोणीहून माझ्या सूनबाईनं कुणाच्यातरी हाती पाठवून दिलं. मी ते वाचलं आन् वही उघडली. मंगळवार वर, शुक्रवार खाली. कणकीनं चिकटवलंस, कडंला बोटाचा ठसा हाय.

तुला वळ लागत न्हाय, म्हणून मी वळीनं लिहिते. कुणीतरी लिहायला पायजे.

शनिवारी, पाच तारखेला, बारा वाजता लीलाबाई डोकावल्या. घराला कडी. त्यांना वाटलं, शाळेत उशीर झाला आसंल. दोनला त्यांनी स्वप्नालीला फोन केला. सांजच्याला मल्हार तुला हुडकत लोणीला माझ्या दारात उभा राहिला. त्याचं तोंड हालत व्हतं, मला ऐकू आलं न्हाय, पर कळलं. त्यानं ही वही माझ्यापुढं उघडली, तुझ्या अक्षरात व्हतं, 'आजीला आणायला.' त्यानं माझं शुक्रवारचं पत्र वाचलेलं व्हतं. त्याच्यावर बोट ठिवलं आन् वही मिटली. शिव्या दिल्या आसत्या तर बरं झालं आसतं.

छकुली तवर सापडली व्हती. कळसच्या वाटंवर, कालव्याच्या अलीकडं, एका लिंबाखाली. तो आपला लिंब न्हवं, दादा. आपला लिंब रस्त्यात गेला. मेंढरं घेऊन चाललेल्या बाया व्हत्या, त्यांनी बघितली. तीन धोंडं मांडून चूल केलेली, स्वेटर घातलेला, पुढं भाकरी. बाया उठवायला लागल्या तर उठंना. म्हणती, आबांनी सांगितलंय, आजीपाशी बस, हलू नको. चार तास पोर तितनं हललं न्हाय. तुझी बाटली घेऊन तू पाण्याला गेलास. तिला काठाला नेलं न्हाईस. लिहिलंस तसंच केलंस.

तू सोमवारी, सात तारखेला, कालव्याच्या खालच्या गेटला सापडलास. पटका न्हवता.

स्वप्नाली मला अजून आत्याबाईच म्हणती. ताट वाढती. माझ्याकडं बघत न्हाय आन् स्वतःलाबी आरशात बघत न्हाय. आमी दोघींनी मिळून केलं हे, ते दोघींनाबी ठावं हाय. मी तिला म्हटलं, तू चार ओळी मागितल्यास, मी धा लिहिल्या. ती रडली, तवा मलाबी रडता आलं.

परवा दहावा हाय.

आज सकाळी छकुली माझ्या मांडीवर येऊन बसली. पाटी आणली व्हती तिनं, मला ऐकू येत न्हाय हे तिला कळतं. पाटीवर लिहिलं, आबा कुठं. घरातली सगळी माझ्याकडं बघायला लागली. माझ्या तोंडात आलंच व्हतं, दादा. लोणीला, आजीकडं. जिभंवर तयार व्हतं. तिचा चेहरा बघितला, तर तीबी त्याचीच वाट बघत व्हती. म्हटलं आसतं तर ती चप्पल घालायला उठली आसती.

मी पाटी घेतली आन् लिहिलं, आबा पाण्यात गेला, वारला, परत येणार न्हाय. आजीबी वारली. ती लई येळ वाचत बसली. दोनच जोडाक्षरं व्हती त्यात, दोन्हीवर बोट ठिवून वाचली. मग तिनं माझ्या हातातली पेन्सिल घेतली, खाली लिहिलं, कधी.

मी तारीख लिहिली. आजीची मल्हारला इचारून लिहिली, आन् तुझी तिच्याखाली.

बानू